पाय सुजलेत, पण आधी मान बघा: जुन्या फुप्फुसाच्या आजाराने दमलेल्या हृदयाची एक केस

केस काळाचौकीतल्या एका चाळीतली आहे. बाई ६४ वर्षांच्या, अख्खी चाळ त्यांना मावशी म्हणते म्हणून इथेही मावशीच म्हणतो. ओळख पटेल असे बारीक तपशील बदललेत आणि लिहायला त्यांची आणि मुलाची हरकत नाही, उलट मुलगाच म्हणाला लिहा डॉक्टर, आमच्यासारखे बरेच असतील.

तक्रार एकच, पाय सुजतात. दम लागतो हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलंच नाही, ते खोदून विचारल्यावर बाहेर आलं, कारण त्यांच्या हिशोबाने दम लागणं हे दुखणं राहिलेलंच नाही, जिन्यात मधल्या कट्ट्यावर टेकायचं, पदराने तोंड पुसायचं आणि पुन्हा चढायचं, असं वर्षानुवर्षं चाललंय. सूज मात्र नवीन. आधी संध्याकाळी यायची आणि सकाळपर्यंत उतरायची, दिवाळीनंतर उतरेनाशीच झाली. जोडवी बोटात रुतायला लागली तेव्हा साबण लावून काढली, चप्पल एक नंबर मोठी घेतली, आणि त्या काळात ज्याने त्याने आपापलं कारण देऊन टाकलं. शेजारणी म्हणाल्या वय झालं. मुलगा म्हणाला दिवसभर ओट्यापाशी उभी असते ना. एका डॉक्टरांनी बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे हे बघून सांगितलं की या गोळीने पाय सुजतात, आणि खरंच सुजतात, त्यात खोटं काही नाही. शिवाय गुडघ्यांसाठी मावशी मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणून घ्यायच्या, तीही अंगात मीठ-पाणी धरून ठेवते. म्हणजे तयार कारणं चार, चारही थोडी थोडी खरी, आणि त्यामुळे पाचवं शोधायची कुणाला गरजच वाटली नाही.

आता माझं म्हणणं काय ते सरळ सांगतो. फुप्फुसाचा जुना पेशंट पाय सुजले म्हणून आला तर स्टेथोस्कोप छातीला लावायच्या आधी जीभ, मान आणि पोट बघा. हृदयावर आलेला ताण हृदयापाशी नीट सापडेल अशी आपली अपेक्षा असते, पण या आजारात फुगलेलं किंवा आकसलेलं फुप्फुस मध्ये येतं आणि छातीवरची चिन्हं दोन्ही बाजूंनी फसवतात, असलेली लपवतात आणि नसलेली दाखवतात. मावशींच्या बाबतीत हे दोन्ही एकाच छातीत झालं.

हिस्टरी. जन्म राजापूरकडचा, लग्नापर्यंत चुलीवर स्वयंपाक. १९७९ च्या सुमारास लग्न होऊन मुंबईत, नवरा मिलमध्ये, १९८२ चा संप झाला आणि गिरणी बंद ती बंदच, मग घर चालवायला मावशींनी डबे सुरू केले, दहा बाय बाराच्या खोलीत रॉकेलचे दोन स्टोव्ह पहाटे चारपासून भणभणायचे, गॅस बराच उशिरा आला. २००१ साली टीबी झाला, डॉट्सच्या दिवसाआडच्या गोळ्या पूर्ण घेतल्या, बऱ्या झाल्या, म्हणजे जंतू गेले, फुप्फुस काही पूर्वीसारखं झालं नाही. बिडी-सिगारेट कधीच नाही. मशेरी आहे, ती पण घरीच तव्यावर भाजायच्या, दारं-खिडक्या लावून, शेजाऱ्यांना ठसका नको म्हणून! हे सांगताना त्यांना स्वतःच्या समजूतदारपणाचं कौतुक होतं आणि मला हसावं की डोकं धरावं कळेना.

सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा जुना आजार) म्हणजे सिगारेटवाल्या पुरुषांचा आजार ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की चुलीपुढे आणि स्टोव्हपुढे आयुष्य काढलेल्या बाईला तो शब्द कुणी लावतच नाही. मावशींना दोन आजार होते, टीबीने खराब केलेला डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग, आणि बाकीच्या फुप्फुसात धुरामुळे आकसलेल्या श्वासनळ्या.

फुप्फुस बिघडलं तर हृदय का थकतं, हे थोडक्यात. फुप्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी पोचतो तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसतात, फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या दोघांनी १९४६ मध्ये मांजरांवर प्रयोग करून हे दाखवलं. एखाद्या कोपऱ्यात न्यूमोनिया झाला असेल तर ही सोय फार उपयोगाची, कारण रक्त खराब भाग सोडून चांगल्या भागाकडे वळतं. पण सगळीकडेच ऑक्सिजन कमी असेल तर सगळ्याच वाहिन्या आकसतात, वर्षानुवर्षं आकसून राहिल्या की त्यांच्या भिंती जाड होतात, त्यात टीबीने बऱ्याचशा वाहिन्या मुळातच खाऊन टाकलेल्या, आणि ऑक्सिजन कमी म्हणून शरीर लाल पेशी वाढवतं त्यामुळे रक्तही दाट. हे सगळं ढकलायचं काम हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याकडे. त्याची भिंत जेमतेम ३ ते ५ मिमीची, फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब नॉर्मलला १४ मिमी पाऱ्याच्या आसपास असतो आणि तेवढ्यासाठीच तो घडलेला. हा दाब २० च्या वर गेला की पल्मोनरी हायपरटेन्शन म्हणतात. उजवा कप्पा आधी जाड होतो, मग फुगतो, मग त्याला जमेनासं झालं की मागे रक्त तुंबतं, मानेत, लिव्हरमध्ये, पायात. याला कॉर पल्मोनेल म्हणतात.

तपासणी सविस्तर लिहितो, बाकी सगळं रिपोर्टांत असतं पण हे नसतं.

मावशी टेबलावर बसल्या तेव्हा दोन्ही हात मांड्यांवर टेकून, ओठांचा चंबू करून श्वास सोडत होत्या. गाल जरा लालसर-जांभळे. हात हातात घेतला तर गरम आणि नाडी उसळणारी. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, हार्ट फेल झालेल्या पेशंटचे हात साधारण थंड असतात, इथे गरम, म्हणजे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असणार. दोन्ही हात पुढे करून मनगटं वर करायला लावली, बोटं पसरून, आणि अर्ध्या मिनिटाने पंजे मध्येच गळून पुन्हा वर यायला लागले, अगदी थोडे, पण होते, हीही कार्बन डायऑक्साइड साठल्याचीच खूण. मग विचारलं सकाळी डोकं दुखतं का? तर हो, रोज, चहा घेतला की उतरतं. दुपारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या डुलकी लागते का? सून म्हणाली, डॉक्टर, भाजी निवडताना लागते. नखं बघितली, बोटांची टोकं फुगीर नव्हती. असती तर मी फक्त सीओपीडी म्हणून गप्प बसलो नसतो, ब्रॉंकिएक्टेसिस, फायब्रोसिस किंवा कॅन्सरकडे वळलो असतो, कारण सीओपीडीने बोटं तशी होत नाहीत.

मग जीभ. "मावशी, जीभ वर करा, टाळूला लावा."

"अवो डॉक्टर, सुजलेत पाय आणि बघताय काय, जीभ?"

मशेरीने दात, हिरड्या, जिभेचा वरचा भाग सगळं काळपट झालेलं असतं, तिथे निळेपणा कळणं अशक्य, आणि सावळ्या कातडीवर ओठांचा रंगही फसवतो, म्हणून जिभेची खालची बाजू. खिडकीपाशी नेऊन बघितली तर जांभळ्या रंगाची. सेंट्रल सायनोसिस. ट्यूबलाइटखाली हे करू नका, दिवसाच्या उजेडात करा. आणि रक्त कमी असलेल्या बाईत ऑक्सिजन कितीही कमी असला तरी जीभ निळी दिसेलच असं नाही, कारण निळेपणा यायला ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन पुरेसं असावं लागतं. आपल्याकडे या वयाच्या बायकांचं हिमोग्लोबिन दहा-अकरा बघायची सवय असते, मावशींचं नंतर १७.२ आलं. मुलगा रिपोर्ट बघून खूश झाला होता, आईचं रक्त किती चांगलं आहे म्हणून. ऑक्सिमीटरवर बसल्या जागी ८४, आणि खोलीच्या दारापर्यंत चालून आल्यावर ७६.

आता मान. इथे बहुतेक जण घाई करतात. पलंगाचं डोकं ४५ अंशांवर, डोक्याखाली उशी म्हणजे मानेचे स्नायू सैल, चेहरा थोडा डावीकडे, आणि उजेड बाजूने, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तरी चालतो. मंगळसूत्र बाजूला घ्यायला सांगायचं. मी हे सगळं केलं आणि मानेत काहीच स्पष्ट दिसेना, शिर हलतेय, कुठून कुठपर्यंत ते कळेना. तेवढ्यात लक्ष गेलं उजव्या कानातल्या कुडीकडे. मान स्थिर, मावशी गप्प, आणि मोत्याची कुडी हलतेय. प्रत्येक ठोक्याला कानाची पाळी बारीकशी उचलली जात होती आणि तिच्याबरोबर कुडी. डाव्या बाजूला कॅरोटिडवर, म्हणजे मानेतल्या धमनीवर, बोट ठेवून बघितलं, बोटाखाली ठोका यायचा त्याच वेळी कुडी हलायची.

मानेतल्या शिरेतला रक्ताचा स्तंभ इतका वर चढला होता की त्याचं टोक जबड्याच्या मागे लपलं होतं आणि ४५ अंशांवर ते दिसणं शक्यच नव्हतं. असं झालं की पेशंटला सरळ ताठ बसवायचं. बसवल्यावर टोक जबड्याच्या कोनाच्या जरा खाली आलं, छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापासून सरळ उभं मोजलं तर दहा-एक सेंटिमीटर, नॉर्मल म्हणजे तीनपर्यंत. ही लाट धमनीची नाही हे कसं ओळखायचं? डोळ्याला ठसठशीत दिसते पण बोटाला लागत नाही, गळपट्टीच्या हाडाच्या वर हलकं दाबलं की वरची हालचाल थांबते, आणि बसवलं-झोपवलं की तिची जागा बदलते. ठोक्याबरोबर येणारी मोठी लाट म्हणजे उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडप गळतेय, कप्पा आकुंचन पावला की रक्त पुढे जायच्या ऐवजी उलटं मानेत येतं. एक सावधगिरी, दमेकरी माणूस जोर लावून श्वास सोडतो तेव्हा मानेच्या शिरा तशाही फुगतात, त्यामुळे श्वास आत घेताना बघायचं. आत घेतानाही भरलेल्या राहिल्या तर खरं.

छाती. डाव्या बाजूला वर गळपट्टीखाली खोलगट, श्वासनलिका डावीकडे ओढलेली, टीबीच्या जुन्या व्रणाने सगळं तिकडे खेचलेलं. उजवी बाजू फुगलेली, श्वासाचा आवाज मंद, शेवटी शेवटी शिट्टी. छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला तळहात ठेवला, उजवा कप्पा जाड झाला की तिथे हात उचलला जातो असं पुस्तकात असतं, इथे काही नाही. फुगलेलं फुप्फुस मध्ये गादीसारखं असतं, त्यामुळे हात उचलला गेला नाही म्हणजे ताण नाही असं अजिबात नाही. मग बोटं छातीच्या हाडाच्या टोकाखाली, पोटाच्या खळग्यात, वरच्या दिशेने सरकवली, आणि श्वास आत घ्यायला लावला. प्रत्येक ठोक्याला वरून काहीतरी येऊन बोटांच्या टोकांना धडकत होतं. ठोका मागून पुढे, पोटाकडे येत असेल तर तो महाधमनीचा, वरून खाली बोटांच्या टोकांवर येत असेल तर उजव्या कप्प्याचा. फुगलेल्या छातीत हृदय खाली सरकतं, त्यामुळे ते भेटायचं ठिकाण हेच.

स्टेथोस्कोप लावल्यावर उलटा प्रकार. डावीकडे दुसऱ्या बरगडीखाली दुसरा आवाज, आमच्या भाषेत पी टू, दार धाडकन लावल्यासारखा, हाताला सुद्धा जाणवणारा. विद्यार्थी असता तर लगेच म्हणाला असता, सर, पल्मोनरी हायपरटेन्शन. पण डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग आकसलेला असला की फुप्फुसाची धमनी छातीच्या भिंतीला चिकटून बसते, वरचं आवरणच निघून जातं, मग दाब नॉर्मल असला तरी आवाज मोठा येऊ शकतो. म्हणजे एकीकडे खरं चिन्ह दबलेलं आणि दुसरीकडे मोठं ऐकू येणारं चिन्ह भरवशाचं नाही. मरमर, म्हणजे ठोक्यांमधला जादा फुसफुस आवाज, होती, खालच्या बाजूला, मऊ, आणि श्वास आत घेतला की वाढणारी. ही खूण मेक्सिकोच्या रिव्हेरो कार्व्हालो यांनी सांगितली, तीही १९४६ सालीच, ट्रायकस्पिडची गळती ओळखायला अजून इतकी स्वस्त दुसरी युक्ती नाही. मात्र गळती फार असली किंवा कप्पा अगदी दमला असला तर मरमर ऐकू न येण्याचीही शक्यता असते. पाठीवर दोन्ही बाजूंना खाली फुप्फुसं पाण्याने भरल्याची करकर नव्हती. डावं हृदय फेल असतं तर ती असण्याची शक्यता जास्त होती.

पोटाचं मावशींनीच सांगितलं, परकराची नाडी घट्ट होतेय, जाडी झाले बहुतेक, खाणं तर कमी झालंय. भूक मंदावली आणि कंबर वाढली, हे एकत्र ऐकलं की वजन वाढलं असं समजू नये. लिव्हर बरगडीखाली चार बोटं लागत होतं, दाबल्यावर दुखत होतं. आता फुगलेली फुप्फुसं लिव्हरला नुसतं खाली ढकलतात आणि ते मोठं वाटतं, म्हणून वरची कड ठोकून शोधायची. वरची कड नेहमीपेक्षा खाली होती, एकूण लांबी पंधरा सेंटिमीटर, म्हणजे ढकललेलंही आणि मोठंही. मग तळहाताने पोट हलकेच दाबून धरलं, दहा-पंधरा सेकंद, पेशंटला तोंड उघडं ठेवून श्वास चालू ठेवायला सांगायचं, नाहीतर लोक दम धरतात आणि मानेची शीर उगाच फुगते. मावशींची आधीच वर असलेली पातळी अजून चढली आणि हात काढेपर्यंत तिथेच राहिली, म्हणजे वर ढकललेलं जादा रक्त उजव्या कप्प्याला पेलत नव्हतं.

पायांना सर्वात शेवटी आलो. दोन्ही बाजूंना सारखी, गुडघ्यापर्यंत, नडगीवर अंगठा दाबला की खड्डा. कंबरेच्या मागे माकडहाडावर पण खड्डा पडत होता, तिथे बघायला विसरतात. एकाच पायाला असती तर गुठळीचा विचार आधी.

आता ती चार कारणं. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात पण मानेच्या शिरा भरत नाहीत. उभं राहूनही नाही. किडनी आणि लिव्हरच्या मूळच्या आजारासाठी लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन बघितलं, ते ठीक. पेनकिलरने भर घातली असणारच. आणि एक गोष्ट जी आमच्यातले पण विसरतात, कार्बन डायऑक्साइड साठलेल्या पेशंटची किडनी तशीही सोडियम धरून ठेवते, त्यामुळे सीओपीडीमध्ये पायावर सूज आहे म्हणजे उजवं हृदय फेल झालं असं आपोआप म्हणता येत नाही. नुसत्या पायांवरून कुठल्याच बाजूने निकाल देऊ नका हा त्याचा अर्थ.

त्याच दिवशी महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. ईसीजीत लीड दोनमधली पी लाट उंच, अडीच मिमीच्या वर, अ‍ॅक्सिस उजवीकडे, व्ही वनमध्ये आर मोठी, म्हणजे उजव्या बाजूवर ताण. एक्स-रेत डावीकडे वर जुना टीबी, उजवीकडे फुप्फुसाची धमनी जाड. थुंकीची सीबीनॅट निगेटिव्ह, हे बघणं सक्तीचंच, टीबी परत आलेला असणं मुंबईत कधीही शक्य. रक्तातले वायू (दाब, मिमी पाऱ्यात): ऑक्सिजन ४९, कार्बन डायऑक्साइड ५८, आणि त्याचं आम्ल तोलायला किडनी हळूहळू साठवते ते बायकार्बोनेट ३१, पीएच ७.३५, म्हणजे हे साठणं कालपरवाचं नाही. एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावी बाजू उत्तम, उजवा कप्पा फुगलेला, त्याची उचल मोजणारा टॅप्सी १४ मिमी, जो १७ च्या वर हवा, आणि फुप्फुसाच्या धमनीतला वरचा दाब अंदाजे ६२. अंदाजे म्हणतोय कारण फुगलेल्या छातीतून एकोचं चित्र धड येत नाही, खरा आकडा हवा तर उजव्या बाजूची कॅथ, म्हणजे शिरेतून हृदयात नळी घालून दाब मोजायची तपासणी, करावी लागते, इथे त्याने उपचार बदलणार नव्हते म्हणून केली नाही. सीटी अँजिओत गुठळी नाही. तब्येत सावरल्यावर केलेल्या स्पायरोमेट्रीत एका सेकंदात जेमतेम ०.८ लिटर हवा बाहेर.

वॉर्डमध्ये एक प्रसंग झाला तो सांगायलाच हवा. मावशींना २४ टक्क्यांचा व्हेंचुरी मास्क (ठरावीकच ऑक्सिजन देणारा) लावून ऑक्सिजन ८८ ते ९२ मध्ये ठेवायचं ठरलेलं. रात्री शेजारच्या बेडच्या नातेवाइकाने मॉनिटरवर ८९ बघितलं, कोविडमध्ये ९४ च्या खाली गेलं की धावपळ व्हायची ते डोक्यात पक्कं बसलेलं, बिचाऱ्याने चांगल्या मनाने मास्क बदलून फ्लो वाढवून दिला. आकडा ९८ झाला, सगळे निवांत. पहाटे मावशी उठेनात. कार्बन डायऑक्साइड ७२, पीएच ७.२७. बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन, लावावा लागला, दोन रात्रींत सावरल्या. वर मांजरांचं सांगितलं ना, ऑक्सिजन कमी असलेल्या भागातल्या वाहिन्या आकसतात, तर जास्त ऑक्सिजन दिला की त्या खराब, हवा नीट न जाणाऱ्या भागातल्या वाहिन्याही उघडतात, रक्त तिकडे फुकट फिरून येतं आणि कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो. अजूनही एक-दोन कारणं आहेत, पण नातेवाइकांनी एवढंच पाठ करावं की अशा पेशंटला ९० चांगलं आणि ९८ धोक्याचं, नॉब डॉक्टर-सिस्टरशिवाय कुणी फिरवायचा नाही.

लघवीवाटे पाणी काढणाऱ्या फ्युरोसेमाइडने सात किलो पाणी गेलं. अ‍ॅम्लोडिपिन आणि पेनकिलर बंद. इन्हेलर सुरू झाले, स्पेसर म्हणजे पुढे लावायच्या नळकांड्यासकट, आणि सुनेला शिकवलं कारण मावशींना दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नाही. मुलाने कुठून तरी वाचून सिल्डेनाफिलचं विचारलं, फुप्फुसाच्या दाबावर देतात म्हणून. देतात, पण वेगळ्या प्रकारच्या आजारात. सीओपीडीमुळे वाढलेल्या दाबात ते सरसकट देत नाहीत, त्या गोळीनेही खराब भागातल्या वाहिन्या उघडून ऑक्सिजन अजून घसरू शकतो.

खरं औषध घरचा ऑक्सिजन. हा उपचार १९८०-८१ च्या दोन अभ्यासांवर उभा आहे, एक अमेरिकेचा आणि एक ब्रिटनचा. ब्रिटनच्या अभ्यासात ८७ पेशंट होते, रोज किमान पंधरा तास ऑक्सिजन घेतलेल्या ४२ जणांपैकी पाच वर्षांत १९ गेले, न घेतलेल्या ४५ पैकी ३०. दम लागला की दहा मिनिटं नळी नाकाला लावायची, हा प्रकार यात बसत नाही, पंधरा तास म्हणजे पंधरा तास, झोप धरून.

आता दहा बाय बाराच्या खोलीत हे कसं करायचं! कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, भाड्याने आणला, रात्रभर घरघर, पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांची कुरबुर. लांब नळी, पण ओटा चार पावलांवर, आणि नाकाला ऑक्सिजन लावून गॅसपाशी जाणं म्हणजे पदर पेटायला निमंत्रण. डबे सुनेकडे गेले, याचा मावशींना पाय सुजण्यापेक्षा जास्त त्रास झाला. मग देव्हाऱ्यातलं निरांजन. मुलाने बॅटरीवरचा दिवा आणला, मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो परत पिशवीत गेला. शेवटी ठरलं ते असं: तिन्हीसांजेला मशीन बंद करायचं, नळी काढायची, मावशी गॅलरीत खुर्चीवर, सून दिवा-उदबत्ती करणार, सगळं विझल्यावर दार-खिडकी उघडून मग मशीन चालू. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीन लावत होत्या, तेही थांबवलं, ऑक्सिजनजवळ तेलकट काही नको, पाण्याच्या आधाराचं जेल दिलं. मशेरी सुटलेली नाही, पण भाजणं बंद झालंय, एवढ्यावर सध्या तह.

आता चार महिने झाले. बसल्या जागी, ऑक्सिजनशिवाय ८७. मानेची शीर ४५ अंशांवर नीट दिसते, उंचवट्याच्या वर चारेक सेंटिमीटर, अजून थोडी जास्तच. लिव्हर दुखत नाही. सकाळचं डोकं दुखणं थांबलं. मध्ये एका लग्नाआधी चप्पल बसावी म्हणून मावशींनी मनानेच फ्युरोसेमाइड डबल केली आणि उभं राहिलं की चक्कर यायला लागली. दमलेल्या उजव्या कप्प्याला पुरेसं रक्त भरलेलं लागतं, पाणी फार काढलं तर पुढे ढकलायलाच काही उरत नाही, शिवाय रक्त अल्कलीकडे झुकून श्वास अजून मंदावतो. तेव्हापासून रोज सकाळी वजनकाट्यावर आकडा बघून सून वहीत लिहिते, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, गोळी स्वतः वाढवायची नाही. रक्तातले वायू पुन्हा तपासायला दिलेत, ऑक्सिजन कायम लागणार का ते स्थिर तब्येतीतल्या आकड्यावरच ठरतं.

सध्याचा वाद गणपतीचा आहे. मावशींना राजापूरला जायचंच आहे, मुलगा नको म्हणतो. माझं मत, जाता येईल, पण कोकणात पावसात लाइट जाते आणि कॉन्सन्ट्रेटर बॅटरीवर चालणारा नाही, तेव्हा सिलेंडर आणि त्याचा रेग्युलेटर आधी गावात पोचलेला हवा, रेल्वेच्या प्रवासाची सोय वेगळी, आणि गावच्या घरात अजून चूल आहे, तिच्या खोलीत मावशींनी पाय ठेवायचा नाही. मुलगा यादी घेऊन गेलाय, वायूंचा रिपोर्ट आला की बघू.